मुलगी रेल्वेचे इंजिन चालवेल? रस्ता दहावीनंतरच्या अर्जापासून सुरू होतो

८ मार्च आला की आपल्या फॅमिली ग्रुपवर फोटो फिरू लागतात. कुणी पहिली मुस्लिम महिला पायलट, कुणी पहिली पोलीस अधिकारी, कुणी रेल्वे चालवणारी. आपण ‘माशाअल्लाह’ लिहितो आणि फोटो पुढे पाठवतो. मग दोन-तीन महिन्यांनी दहावीचा निकाल लागतो. त्याच घरांत मुलीच्या ॲडमिशनची चर्चा सुरू होते आणि पर्याय ठरलेले असतात: आर्ट्स, शिवणकाम, ब्युटी पार्लरचा कोर्स, फार तर पुढे डीएड-बीएड. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक हे शब्द त्या चर्चेत येतात ते फक्त भावासाठी.

शाळेत शिकवणारे आम्ही हे दरवर्षी पाहतो. पुरुषांची म्हणून ओळखली जाणारी कामे मुलींसाठी बंद आहेत असे आपण म्हणतो, पण दरवाजा नेमका कुठे बंद होतो हे क्वचितच तपासतो. नोकरीच्या मुलाखतीत? कायद्यात? की त्याच्या कितीतरी आधी, दहावीनंतरच्या त्या एका अर्जावर? यासाठी एकच काम नीट उलगडून पाहू या. रेल्वेचे इंजिन चालवण्याचे काम. महाराष्ट्राशी त्याचे नाते जुने आहे, आणि त्यात आपल्या समाजातली एक बाई ३० वर्षांपूर्वीच पोहोचली आहे.

१८५३ ते १९८९

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्यानंतर तब्बल १३५ वर्षे इंजिनात बाई नव्हती. वाफेच्या काळात याला एक कारण सांगता येत होते. इंजिनात फायरमन असायचा. भट्टीत फावड्याने कोळसा टाकत राहायचे, अंगावर धग घ्यायची, असे ते काम होते. अंगमेहनत प्रचंड.

पण मुंबईत विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीच धावली. पुढे डिझेल आले. वाफेची इंजिने हळूहळू बाजूला झाली आणि १९९० च्या दशकात जवळपास संपली. कोळसा गेला, फावडे गेले, तरी ‘हे पुरुषांचे काम’ ही समजूत मात्र राहिली. कारण संपले तरी सवय संपत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९८९ मध्ये सुरेखा यादव मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाल्या. सातारा जिल्ह्यातले शेतकरी कुटुंब, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी मालगाडी चालवली, लोकल चालवली, घाटात गाडी चालवली, २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन चालवली आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत मुंबईत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये, ३६ वर्षांच्या नोकरीनंतर, त्या निवृत्त झाल्या.

मुमताज काझी यांचे नाव आपल्या घरांत त्याहून जास्त ओळखीचे असायला हवे. मुंबईत वाढलेल्या मुमताज १९९१ पासून रेल्वे चालवत आल्या. डिझेल इंजिन चालवणारी पहिली महिला म्हणून १९९५ मध्ये त्यांची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली. पुढे त्या सीएसएमटी ते ठाणे या गर्दीच्या मार्गावर लोकल चालवू लागल्या. २०१७ च्या महिला दिनी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

त्यांच्या गोष्टीतला एक भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. त्यांचे वडील स्वतः रेल्वेत होते. तरीही मुलीने इंजिन चालवायला ते सुरुवातीला तयार नव्हते. मुलीने लॅब टेक्निशियनचा कोर्स करावा असे त्यांना वाटे. ओळखीच्या लोकांनी आणि रेल्वेतल्या अधिकाऱ्यांनी समजूत घातली, तेव्हा ते राजी झाले. म्हणजे या कामाची पूर्ण माहिती असलेल्या घरातही होकार मिळायला वेळ लागला. मग ज्या घरात माहितीच नाही तिथे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

ताकद लागते की लक्ष?

इंजिनात नेमके काय करावे लागते हे मुलींना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात. मेल-एक्सप्रेस किंवा मालगाडीत साधारणपणे दोघे असतात, लोको पायलट आणि सहायक लोको पायलट. पुढे सिग्नल दिसला की दोघेही तो मोठ्याने उच्चारतात, म्हणजे एकाने चुकीचे पाहिले तर दुसऱ्याच्या लक्षात येते. रूळ, वेगमर्यादेचे फलक, फाटक, वरची वीजवाहिनी, सगळीकडे नजर ठेवायची. गाडी निघण्याआधी इंजिनाची तपासणी करायची. वाटेत बिघाड झाला तर तो शोधायचा.

चालक जागा आहे की नाही हेही यंत्र तपासत असते. सुमारे मिनिटभर चालकाने काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरी प्रतिसाद नसेल तर ब्रेक आपोआप लागतात. मुंबईच्या लोकलमध्ये पुढच्या केबिनमध्ये मोटरमन एकटाच असतो आणि गार्ड थेट शेवटच्या डब्यात. मागे हजारो प्रवासी. ब्रेक लावला म्हणून गाडी रिक्षासारखी जागीच थांबत नाही. वेग आणि वजनाप्रमाणे ती शेकडो मीटर पुढे जाते. म्हणून पुढचा विचार आधीच करावा लागतो.

आता प्रामाणिकपणे सांगा, यात दंडाची ताकद किती आणि डोकं शांत ठेवण्याची ताकद किती? घरात एकाच वेळी दूध, कुकर, धाकटा भाऊ आणि पाहुणे सांभाळणाऱ्या मुलीला लक्ष ठेवणे शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते यंत्र.

काल पुरुषांचे, आज बायकांचे

कुठले काम कुणाचे, हे कायमचे ठरलेले नसते. आज मराठी घरात मुलगी शिक्षिका झाली तर सगळे खूश होतात. ‘बायकांना शोभणारी नोकरी’ म्हणतात. पण १८४८ मध्ये पुण्यात फुले दाम्पत्याने मुलींची शाळा काढली तेव्हा शिकवणे हेच पुरुषांचे काम होते. सावित्रीबाईंनी ते केले म्हणून लोकांनी त्यांना त्रास दिला. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा यांचा उल्लेख आहे. त्याच या फातिमा शेख. आमच्यासारख्या शेकडो शिक्षिका आज ज्या खुर्चीवर बसतात ती खुर्ची त्या काळी बायकांची नव्हती.

उलटी उदाहरणेही आहेत. मेकअप हे काम बायकांचे, असे कुणीही म्हणेल. पण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक दशके बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून काम करायला संघटनेचे कार्ड मिळत नव्हते. बाईने केस करायचे, चेहरा पुरुषाने रंगवायचा, असा नियम. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हा नियम रद्द केला. म्हणजे ‘पुरुषांचे काम’ ठरते ते नेहमी कामाच्या स्वरूपावरून ठरत नाही. अनेकदा कमाई कुणी करायची यावरून ठरते.

एसटीचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. बाई तिकीट देते याचे आता कुणाला नवल वाटत नाही. स्टेअरिंगवर मात्र एसटीत बाई दिसली ती २०२३ मध्ये. आणखी दहा वर्षांनी त्याचेही नवल उरणार नाही.

आणि हलाल रोजी कमावणारी बाई आपल्या परंपरेला परकी नाही. हजरत खदीजा (र.) यांचा व्यापार होता, हे आपण मकतबमध्ये लहानपणीच शिकतो.

इंजिनापर्यंतचा रस्ता

आता मुद्द्याची माहिती. सहायक लोको पायलटची भरती रेल्वे रिक्रूटमेंट बोर्ड, म्हणजे आरआरबी करते. २०२४ मध्ये या पदाच्या १८,७९९ जागा होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ९,९७०. पात्रता अशी:

– दहावी पास आणि त्यासोबत ठरावीक ट्रेडमधला आयटीआय. उदाहरणार्थ फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, मेकॅनिक डिझेल, मेकॅनिक मोटर व्हेईकल, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक.

– किंवा दहावीनंतर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाईलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. याच शाखांची इंजिनिअरिंगची पदवीही चालते.

– वय साधारण १८ ते ३०. ओबीसी प्रवर्गाला तीन वर्षांची सवलत.

ही यादी पुन्हा वाचा. नुसती बारावी चालत नाही, सायन्सची असली तरी. बीए, बीकॉम चालत नाही. शिवणकाम, ब्युटी पार्लरचा आयटीआय चालत नाही. म्हणजे १५-१६ व्या वर्षी मुलीच्या अर्जावर कोणता ट्रेड लिहिला, त्यावर पुढचा दरवाजा उघडा राहतो किंवा बंद होतो. त्या दिवशी कुणी मुलीला ‘नाही’ म्हणत नाही. कुणी भांडत नाही. फक्त एका रकान्यात दुसरा शब्द लिहिला जातो.

महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तांत्रिक ट्रेडकडे मुली कमी वळतात, त्यामुळे तिथे मुलीला प्रवेश मिळण्याची शक्यता अनेकदा चांगली असते. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा.

परीक्षा कॉम्प्युटरवर होते. पहिल्या टप्प्यात ७५ प्रश्न, ६० मिनिटे. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान, चालू घडामोडी. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. दुसऱ्या टप्प्यात विज्ञान आणि इंजिनिअरिंगची मूलतत्त्वे येतात, शिवाय आपल्या ट्रेडचा वेगळा पेपर असतो. त्यानंतर ॲप्टिट्यूड टेस्ट. लक्ष, स्मरणशक्ती, झटपट निर्णय यांची ती चाचणी आहे आणि प्रत्येक भागात पास व्हावेच लागते.

दोन गोष्टी बऱ्याच घरांना माहीत नसतात. पहिली, ही परीक्षा मराठीतही देता येते आणि उर्दूतही. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे हटायचे कारण नाही. दुसरी, महिला आणि अल्पसंख्याक उमेदवारांना फी २५० रुपये आहे आणि पहिल्या परीक्षेला हजर राहिल्यावर बँकेचा खर्च वजा करून ती परत मिळते. ज्या मुस्लिम बिरादऱ्या केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांनी नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात काढून ठेवावे. राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र घेऊन गेलेली मुले ऐनवेळी अडकतात.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचा मूळ पगार १९,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि गाडी चालवण्याचा रनिंग अलाउन्स वेगळा. बाईला कमी, पुरुषाला जास्त असा भेद नाही.

आधी डोळे तपासा

या कामासाठी रेल्वेची सर्वांत कडक वैद्यकीय श्रेणी लागते, ए-वन. दोन्ही डोळ्यांची दूरची नजर चष्म्याशिवाय ६/६ हवी. रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, कारण लाल-हिरव्याचा घोळ म्हणजे अपघात. लेसर ऑपरेशन करून चष्मा घालवला असेल तरीही उमेदवार बाद होतो.

दोन वर्षे ट्रेड, एक वर्ष तयारी, परीक्षा पास, आणि शेवटी डोळ्यांवरून बाद, हे दुःख मोठे असते. म्हणून दहावीतच जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे नजर आणि रंग दोन्ही तपासून घ्या. चष्मा असेल तर इंजिन नाही, पण रेल्वेच्या कारखान्यांत आणि इतर विभागांत वेगळ्या वैद्यकीय श्रेणीची तांत्रिक पदे आहेत. रस्ता बदलतो, संपत नाही.

अम्मी-अब्बांचे प्रश्न

आता घरातले प्रश्न. ते खोटे नाहीत आणि त्यांना हसून उडवून लावणे योग्य नाही.

पहिला प्रश्न रात्रीचा. होय, या नोकरीत रात्रपाळी आहे, अवेळी ड्यूटी आहे, परगावच्या रनिंग रूममध्ये विश्रांती आहे. सण-वार, ईद यांची खात्री नाही. हे मुलीला आणि घराला आधीच माहीत हवे.

दुसरा प्रश्न बाथरूमचा. बहुतेक इंजिनांत शौचालय नव्हते आणि अजूनही अनेकांत नाही. अलीकडे काही इंजिनांत सोय होऊ लागली आहे. महिला लोको पायलटांनी हा विषय रेल्वे बोर्डापर्यंत नेला आहे. तासन् तास पाणी न पिता ड्यूटी करणे हा तब्येतीचा प्रश्न आहे. ‘बायकांना हे काम जमत नाही’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा आधी विचारावे, काम जमत नाही की सोय केलेली नाही? आणि सोय झाली तर ती पुरुष चालकांच्याही कामी येतेच.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हा कायदा मुलीला नोकरी लागण्याआधी माहीत असावा, लागल्यानंतर नाही.

चौथा प्रश्न लग्नाचा आणि मुलाबाळांचा. केंद्र सरकारच्या नोकरीत बाळंतपणासाठी १८० दिवसांची पगारी रजा आहे आणि मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांपर्यंत रजा घेता येते. स्थळ मिळेल का, ही फिकीरही असते. मुमताज काझी यांचे लग्न झाले, मुले झाली, आणि नोकरी चालू राहिली.

पाचवा प्रश्न बाईने एकटीने प्रवास करण्याचा. यावर उलेमांची मते एकसारखी नाहीत. तुम्ही ज्यांचा सल्ला मानता त्यांच्याशी बोला. फक्त हा प्रश्न कधी विचारायचा ते नीट पाहा. तो नोकरी स्वीकारतानाचा प्रश्न आहे. दहावीनंतर तालुक्याच्या आयटीआयमध्ये सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या मुलीपुढे तो अजून आलेलाच नाही. दहा वर्षांनंतरच्या अडचणीसाठी आजचे शिक्षण थांबवायचे कशाला?

ट्रेड फक्त रेल्वेचा नाही

समजा इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलीने रेल्वेचा विचार सोडला. तरी हातात आलेली विद्या वाया जात नाही. महावितरणमध्ये विद्युत सहायकाच्या भरतीला हाच ट्रेड लागतो, आणि तिथे मुली खांबावर चढून काम करत आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. कारखान्यात दिवसाची पाळी मिळू शकते. घरून मोटर रिवाइंडिंग, फॅन, मिक्सर दुरुस्तीचे काम होऊ शकते. आणि एक साधी गोष्ट पाहा. दुपारी घरात फक्त बायका असताना वीज गेली तर किती घरांना बाई इलेक्ट्रिशियन हवीशी वाटेल! परदा पाळणाऱ्या घरांना तर ती सगळ्यात आधी लागेल. तरीही मोहल्ल्यात अशी एक बाई सापडत नाही.

शिवणकामाला कमी लेखायचे नाही. त्या मशीनवर अनेक घरे उभी राहिली. पण एकाच गल्लीत वीस मुली शिवणकाम शिकल्या तर ब्लाउजची शिलाई वाढणार कशी? जिथे हात कमी आणि काम जास्त, तिथे मजुरीला भाव असतो. हा हिशेब आपण मुलासाठी करतोच.

एक पुरेशी नाही

रेल्वे मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये देशात ३७१ महिला लोको पायलट होत्या, दहा वर्षांत त्या दोन हजारांवर गेल्या. वाढ मोठी आहे, पण लाखाहून जास्त चालकांमध्ये दोन हजार म्हणजे अजून शंभरात दोनही नाहीत. त्यांत आपल्या घरांतल्या मुली किती, हे आपल्या आजूबाजूला पाहूनच कळते.

‘पहिली’ होणारी बाई बहुधा स्वतःच्या हिमतीवर पुढे जाते. दुसरी, दहावी, शंभरावी मात्र तेव्हाच जाते जेव्हा रस्ता सगळ्यांना माहीत असतो. जमातच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलांचा सत्कार होतो, त्या दिवशी आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या माहितीचे एक टेबल लावायला खर्च काहीच येत नाही. मशिदीच्या फलकावर आरआरबीच्या जाहिरातीची शेवटची तारीख लिहिता येते. मोहल्ल्यातल्या आयटीआय झालेल्या मुलांनी रविवारी दोन तास मुलींना गणित आणि ट्रेडचा पेपर शिकवला तर क्लासची फी वाचते.

आणि घरी? यंदा निकालानंतर ट्रेडची यादी मुलीच्या समोर ठेवा, पूर्ण यादी. एकेक ट्रेडमध्ये काय काम असते ते तिला सांगा किंवा माहीत असलेल्याला विचारा. शक्य असेल तर जवळच्या आयटीआयचे वर्कशॉप एकदा तिला आत नेऊन दाखवा. मग तिला निवडू द्या. तिने शिवणकाम निवडले तरी हरकत नाही. तेव्हा ती तिची निवड असेल.